समक्ष

गुलाबराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या न्यायालयाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, माझ्या टेबलाशी बसलो होतो. शेजारचे टेबल त्यांचे. आम्ही दोघेही नोटरी. छातीत जड वाटते, आज येत नाही, असा निरोप त्यांनी बोरगाव मेघे इथल्या घरून सकाळीच दिला होता. दुपारी त्यांचा मुलगा बोलला, "काका, बाबा गेले." समोरच्या पक्षकाराचे काम मी पुरे केले आणि मग उठलो... त्यांनीही तेच केले असते, असे तेव्हा वाटले.

त्यांचे मूळ गाव आंजी. भाजीपाला पिकवणारे घर. वकील झाले तरी बोली गावचीच राहिली आणि कामाची रीत एकच राहिली. सही करणारा माणूस समोर बसल्याशिवाय ते रजिस्टर उघडत नसत. आधी मजकूर वाचून दाखवायचा, मग सही घ्यायची. त्याच बैठकीत रजिस्टरमध्ये नोंद, नोंदीसमोर त्या माणसाची सही, प्रमाणपत्रावर तारीख आणि शेवटी शिक्का. तो माणूस उठेपर्यंत पुढच्याला नमस्कारही नाही. आवारातल्या इतरांची रीत निराळी होती. दिवसभर शिक्के मारायचे आणि नोंदी संध्याकाळी, आठवतील तशा. एकदा एक प्लॉटचा दलाल कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे आला. "साहेब, शिक्के तेवढे मारून ठेवा. मानसं संध्याकाळी येऊन राह्यले." गुलाबराव म्हणाले, "मंग शिक्काही संध्याकाळीच येईन." दलाल गठ्ठा उचलून दुसऱ्या टेबलाकडे गेला. डबा खाताना मी त्यांना टोचले, "गुलाबराव, तुम्ही घासाचीही नोंद ठेवत असाल." ते शांतपणे चावत राहिले. "ठेवतो. पण घास गिळल्यावर. ताटात हाय तवा नाई."

तेरवी झाली. बँकेसाठी वहिनींचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, प्रतिज्ञापत्र हवे होते. मुलाला नोकरीवर परतायचे होते. तो म्हणाला, "काका, आईला ताटकळत ठेवू नका." मला ते पटले. आदल्या संध्याकाळी मी सगळी तयारी केली. रजिस्टरमध्ये नोंद लिहिली. प्रतिज्ञापत्राखालच्या प्रमाणपत्रात दुसऱ्या दिवसाची तारीख घातली, 'माझ्यासमक्ष शपथेवर सांगून सही केली' या ओळीखाली माझी सही केली, शिक्का मारला. वहिनींच्या सहीपुरती जागा रिकामी ठेवली. मित्राच्या घरासाठी एवढे तरी आपण करतो आहोत, अशा समाधानात घरी गेलो.

सकाळी वहिनी आल्या. कागद पुढे सरकवून मी म्हणालो, "वहिनी, इथे सही करा, आणि रजिस्टरमध्ये इथे. झालं." त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचले. मग शिक्क्यावर बोट फिरवून पाहिले.

"भाऊजी, हे तं वाळलं हाय."

"कालच करून ठेवलं. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मी तं आत्ता आली जी." त्यांचे बोट 'शपथेवर सांगून' या शब्दांवर आले. "मी काल काय सांगतलं तुमाले?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपे गेले असते. त्या कागदाचे पहिले वाक्य होते, 'मी कै. गुलाबराव यांची विधवा आहे.' 'विधवा' हा शब्द त्यांनी अजून कोणापुढे स्वतःच्या तोंडाने उच्चारला नव्हता. त्या घरी बसलेल्या असताना मी त्यांच्या नावाने तो शपथेवर उच्चारून, वर शिक्काही मारून मोकळा झालो होतो. इतकी वर्षे हे काम करूनही प्रमाणपत्राला मी कागदाचे शेपूट समजत आलो. ते माणसाने बोलल्याची साक्ष असते, हे मला त्या बाईसमोर बसून कळले. मान वर करवेना.

मी तो कागद फाडला. नोंदीवर आडवी रेघ ओढून 'रद्द' लिहिले. नवा कागद टंकून आणवला आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. पहिल्या ओळीनंतर त्यांनी हाताने थांबवले... मी थांबलो. मागची माणसे चुळबुळत होती, त्यांना थांबू दिले. मग त्या स्पष्ट म्हणाल्या, "हो. मी त्यायची विधवा हाय." पुढचे वाचून झाल्यावर सही केली. मी नवी नोंद लिहिली, तिच्यासमोर त्यांची सही घेतली, प्रमाणपत्र भरले, शिक्का मारला.

मी रजिस्टर मिटणार, तोच त्यांनी पानावर हात ठेवला.

"ही वरची रेघ कायची?"

"चुकीची नोंद. रद्द केली."

"काऊन रद्द केली, ते नाई लिहत का?"

लिहायचे असते. मी लिहिले, 'सही करणारी व्यक्ती हजर नव्हती.' त्यांनी ते वाचले.

"आता तुमची सही करा, भाऊजी."

त्या बसून राहिल्या. मी सही केली, त्यांच्या समक्ष.