एकसष्ट पायऱ्या

कुंदाताई सबनीसांकडे मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. दार अर्धवट उघडून त्या म्हणाल्या, "लिफ्टपासून इथपर्यंत किती पावलं झाली?"

मी पुणेरी आत्मविश्वासाने म्हणालो, "असतील वीस-पंचवीस."

"मोजलीस की वाटलं?"

"वाटलं."

"मग जा, मोजून ये." आणि दार लागलं.

परदेशातल्या क्लेमेंटी या उपनगरातल्या त्या अकराव्या मजल्यावर मी पाठीवर बॅग घेऊन येड्यासारखा पावलं मोजत फिरलो. चौतीस भरली. परत येऊन आकडा सांगितला तेव्हा ताई म्हणाल्या, "धूर झाला, दिवे गेले, तर दारापासून लिफ्टशेजारच्या जिन्यापर्यंत चौतीस पावलं. आता जन्मात विसरणार नाहीस. ये आत. चहा घेणार?" फ्लॅटमधली दुसरी खोली रिकामी झाली होती, आणि घरमालकाने सगळं एजंटावर सोपवल्यामुळे तिथे कोण राहणार हे ठरवायचं काम ताईंनी परस्पर आपल्याकडे घेतलं होतं. अशी मला खोली मिळाली. दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची ही गोष्ट.

ताई तुआसला एका शिपयार्डमध्ये सेफ्टी ऑफिसर होत्या. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, उंची जेमतेम पाच फूट, तीही बुटांसकट. धिप्पाड वेल्डर त्यांची शिट्टी ऐकली की हेल्मेट चाचपायचे, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि मला ते शंभर टक्के खरं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना 'काकू' म्हणालो. "मी कुठल्या काकाची बायको आहे रे?" त्यांनी शांतपणे विचारलं. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. तेव्हापासून त्या ताई. मी पोहे करायला घेतले की त्या ओट्याशी येऊन उभ्या राहायच्या. मोहरी टाकली की दोन पावलं मागे सरायचं, कढईचा दांडा आत वळवून ठेवायचा, फोडणी देताना फोनवर बोलायचं नाही. एवढं सगळं पाळून केलेले माझे पोहे थंड व्हायचे, मग त्या म्हणायच्या, "पोहे गरम खावेत रे, कळत कसं नाही तुला?"

या बाईंना एक नाद होता आणि त्या नादापायी माझे रविवार गेले. खेळ असा, की कुणीतरी रानात एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश एका वेबसाइटवर टाकतं. बाकीच्यांनी फोन घेऊन ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची, डबी होती तशी ठेवायची आणि घरी यायचं. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "मग मिळतं काय?"

"घाम," ताई म्हणाल्या.

त्यातही ताईंच्या डबीचा पत्ता आयता मिळत नसे. क्लेमेंटीच्या मागे जे रान आहे, जिथून पूर्वी मलेशियाची रेल्वे जायची आणि आता नुसता गवताचा पट्टा उरलाय, तिथे त्यांनी चार टप्पे बसवले होते. पहिल्या टप्प्यावर जुन्या रेल्वेपुलाच्या एका लोखंडी पट्टीवरचे रिव्हेट, म्हणजे ठोकलेले जाड खिळे, मोजायचे. दुसऱ्यावर एका खांबाचा नंबर टिपायचा. तिसरा टप्पा म्हणजे कंपाँगातल्या, म्हणजे जुन्या मलय वस्तीतल्या, एका कोसळलेल्या घराची उरलेली फरशी. झाडांच्या मुळांनी ती उचकटली होती, तिच्यातल्या हिरव्या फरश्या मोजायच्या. चौथा टप्पा एका टेकडीवरच्या पायऱ्यांचा. हे चारही आकडे एका गणितात घातले की डबीचा पत्ता निघायचा. वर्षाकाठी चार-पाच जणच या वाटेला जात, आणि ताईंना त्याचा भारी अभिमान होता.

रानात शिरण्याआधी त्या आमच्या ब्लॉकखाली मला उभं करून, शिपयार्डात कामगारांची घेतात तशी मीटिंग घ्यायच्या. मी एकटा कामगार.

"धोके सांग."

"साप. माकडं. वीज."

"आणि?"

"आणि काय?"

"तुझा आळस. तो पहिला यायला हवा."

मग त्या माझ्या गळ्यात शिट्टी अडकवायच्या. वन-नॉर्थच्या एसी ऑफिसात बसणारा मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गळ्यात शिट्टी घालून डास मारत त्यांच्यामागे चालायचो. समोरून एखादी घोरपड गेली की ताई थांबून तिला वाट द्यायच्या, आणि म्हणायच्या, "तिची वाट आहे, आपण पाहुणे." मला मात्र कधी अशी वाट दिली नाही त्यांनी. त्या फक्त दुसऱ्यांनी बसवलेल्या डब्या शोधायला मला नेत. स्वतःची डबी त्या मला दाखवत नसत, आणि तिची निगा राखायला महिन्यातून एकदा एकट्याच जात.

दोन वर्षांनी ताईंची निवृत्ती आली. नोकरीचा पास परत करायचा आणि मायदेशी, नाशिकला भावाच्या शेजारी घेतलेल्या फ्लॅटमध्ये जायचं, हे ठरलं. कपाटं, भांडी, कुंड्या, सगळं त्यांनी शांतपणे वाटून टाकलं. डबीपाशी मात्र गाडं अडलं. साइटचा नियम असा, की डबीचा मालक जवळपास राहणारा हवा, कारण कागद भिजला तर बदलायला कुणीतरी लागतं. मालक देश सोडून गेला आणि कुणी ती सांभाळायला घेतली नाही, तर खेळ बंद.

"नऊ वर्षं झाली या वाटेला," एका संध्याकाळी जेवताना ताई म्हणाल्या. "तीस तारखेला माझं विमान. तोवर कुणी घेतली तर ठीक. नाहीतर मीच जाऊन डबी उचलून आणणार. रानात बेवारस वस्तू टाकून मी जायची नाही."

"मी घेतो की," मी म्हणालो.

"सोडवलीयस?"

"तुम्ही उत्तर सांगा ना. घरचा माणूस आहे मी."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने आमटी वाढून घेतली. ज्याने चारही टप्पे स्वतःच्या डोक्याने सोडवले त्यालाच डबी मिळणार होती. आणि खरं सांगतो, तोवर थट्टेत घेतलेली ती डबी मला त्या क्षणी हवीशी वाटली. ताई गेल्यावर माझ्याकडे त्यांचं काहीतरी असायला हवं होतं.

पहिल्या रविवारी मी एकटा गेलो. रिव्हेट, खांब, फरश्या, सगळं जमलं. पायऱ्या भरल्या अठ्ठावन्न. गणित करून फोनने दाखवलेल्या ठिकाणी पोचलो, तर तिथे वेताची काटेरी जाळी आणि खाली ओघळ. दोन तास हात घालून बघितलं. लाल मुंग्या मिळाल्या, डबी नाही.

घरी आलो. ताईंनी बाकीचे आकडे ऐकून मान डोलावली आणि पायऱ्यांपाशी थांबल्या. "मोजल्यास की वाटलं?"

दुसऱ्या रविवारी परत अठ्ठावन्न, परत त्याच मुंग्या. ताईंनी या वेळी कपाळाला हात लावला आणि सांगूनच टाकलं की पायऱ्या एकसष्ट आहेत, त्यांनी स्वतः मोजल्यात. त्या आकड्याला सातने गुणायचं होतं, त्यामुळे तीन पायऱ्या चुकल्या की रेखांशात एकवीसचा फरक पडून माणूस चाळीस मीटर बाजूला जायचा, आणि त्या रानात चाळीस मीटर म्हणजे दुसरं गाव. "आता तुला डबी देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "उत्तर मी सांगितलं. पण मोजायला तरी शीक." वर साइटवरचा एक पत्रव्यवहार दाखवला. को नावाच्या एका गृहस्थांनी वर्षभरात पाच वेळा लिहिलं होतं, की पुन्हा मोजलं, पुन्हा डबी सापडली नाही. ताईंनी पाचही वेळा इंग्रजीत एकच उत्तर दिलं होतं: मोजा, अंदाज करू नका. "तुझाच भाऊ," त्या म्हणाल्या.

मला राग आला. डबी गेली ते गेलंच, पण मला साठपर्यंत मोजता येत नाही हा ठपका घेऊन मी राहणार नव्हतो. तिसऱ्या रविवारी त्यांच्याच बरणीतले एकसष्ट राजमे मोजून घेतले. तीनदा मोजले. सगळे डाव्या खिशात टाकले आणि जिना चढताना प्रत्येक पायरीला एक राजमा उजव्या खिशात. वरून उतरणाऱ्या एका बाईंनी अंग चोरून माझ्या बाजूने वाट काढली. माथ्यावर पोचलो तेव्हा डाव्या खिशात तीन राजमे शिल्लक होते.

घरी येऊन ते मी जेवणाच्या टेबलावर, ताईंच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले.

"हे काय?"

"तुमच्या तीन पायऱ्या."

मी राजम्याचा प्रकार सांगितला. त्यांनी उजव्या खिशातले राजमे मागून घेतले, ताटलीत ओतले, दोन दोन करून मोजले. मग परत मोजले. चहा तसाच राहिला. "उद्या सुट्टी काढ," त्या म्हणाल्या. "आपण जाऊ."

दुसऱ्या दिवशी त्या टेकडीच्या पायथ्याशी उभ्या राहून बराच वेळ वर बघत होत्या. मग कठडा धरला आणि चढायला लागल्या. एक पाय वर, दुसरा त्याच पायरीवर, मग पुढची. तोंडाने आकडा. बाराव्या पायरीपर्यंत मला वाटलं त्या सावकाश मोजतायत. विसाव्या पायरीला त्यांच्या ओठांवर घाम बघितला आणि माझ्या लक्षात आलं की उजवा गुडघा वाकतच नाहीये. मी हात पुढे केला तर "मधे बोलू नकोस, आकडा चुकेल" म्हणाल्या, मी बोललो नव्हतो तरी. पंचविसाव्या पायरीनंतर जिना वळतो. वळणाच्या वर लाकूड नवं होतं, पिवळसर, खिळे अजून चमकणारे. पावसात खचलेला भाग काढून कधीतरी नवीन पायऱ्या बसवल्या होत्या, जरा उंच, म्हणून तीन कमी.

माथ्यावर पोचून त्या बाकावर बसल्या. "अठ्ठावन्न," म्हणाल्या.

मी जिंकलो होतो, पण मला अजिबात बरं वाटेना. "पण तुम्ही दर महिन्याला यायचात ना?"

"डबीपाशी यायचे. मागच्या रस्त्याने, सपाटीवरून." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "हा जिना दीड वर्षात चढले नाही मी. वळणापर्यंत दिसायचा खालून. ठीक आहे असं वाटलं."

ते शेवटचं क्रियापद त्यांनी स्वतःच ऐकलं, आणि खिशातून वही काढली. शिपयार्डात अपघात होता होता टळला की त्याची नोंद करतात, तशी नोंद त्यांनी तिथेच बसून केली. जबाबदार व्यक्ती: कु. सबनीस. कारण: तपासणी न करता 'ठीक' लिहिलं. उपाय या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, को यांची माफी मागणे.

को अंकल क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, भेटायला आले. निवृत्त बस ड्रायव्हर, सत्तरीचे, पांढरी बनियन आणि वर उघडा शर्ट. ताई शिऱ्याचा डबा घेऊन, इस्त्रीचा सलवार-कुडता घालून बसल्या होत्या. त्यांनी उभं राहून माफी मागितली. जिना बदलला होता, चूक माझी, तुमचा आकडा बरोबर होता.

अंकल शिऱ्याचा घास तोंडात धरून थांबले. "फिफ्टी-एट? रियली फिफ्टी-एट?" मग खो खो हसायला लागले. "अय्यो मॅडम, यू से सिक्स्टी-वन, सो आय थिंक माय आइज स्पॉइल ऑलरेडी. आय गो सी आय डॉक्टर, लाह. डॉक्टर से आइज व्हेरी गुड."

मी पण हसलो. ताई हसल्या नाहीत. एका माणसाने त्यांच्या शब्दाखातर स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला, डॉक्टरकडे गेला, आणि तरीही पाच वेळा तो जिना चढला. त्यांचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. त्यांनी डबीबद्दल विचारलं, ही वाट तुम्ही सांभाळाल का. अंकलनी टेबलाखालून पाय बाहेर काढला आणि गुडघ्यावर थाप मारली. "कॅन. बट माय नी नो गुड. लास्ट टाइम क्लाइम्ब, थ्री डेज पेन." मग माझ्याकडे बोट केलं. "ही क्लाइम्ब, आय काउंट." म्हणजे चढायचं मी, मोजायचं त्यांनी.

इतक्या सहज, चारचौघांत, कॉफीचा घोट घेता घेता त्यांनी ते सांगितलं. ताई त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माइन ऑल्सो."

म्हणजे ज्या डबीसाठी मी मुंग्या चावून घेतल्या ती को अंकलना मिळाली आणि मला हमाली. मी घरी येताना कुरकुर केली. ताई म्हणाल्या, "अरे, तू चिडून मोजलंस. तो माणूस स्वतःवर विश्वास उरला नाही तरी मोजत राहिला. तूच सांग, कुणाला देऊ?"

तीस तारखेला मी त्यांना चांगी विमानतळावर सोडायला गेलो. दोन बॅगा मी ढकलत होतो, तिसरी त्यांनी हट्टाने स्वतःकडे ठेवली होती. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, बॅगा घेतल्या, बोर्डिंग पास दिला. ताई तिथून हलल्या नाहीत. मागे रांग. मला वाटलं काहीतरी सुरक्षेचा मुद्दा निघणार. त्यांनी घसा साफ केला आणि मागच्या दहा जणांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने इंग्रजीत म्हणाल्या, "माझा उजवा गुडघा खराब आहे. मला एवढं चालवत नाही. व्हीलचेअर हवी."

खुर्ची घेऊन एक मध्यमवयीन बाई आल्या. ताई बसल्या, पर्स मांडीवर घेतली, आणि मला रडू फुटलं. त्यांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, खाली वाकून चाकाचा ब्रेक दोनदा ओढून तपासला, आणि त्या बाईंना म्हणाल्या, "चला."