गाऱ्हाण्यात जाईचं नाव

मंडळी,

आज सकाळी मी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. सहा वर्षांची जाई आम्हाला दत्तक द्यायची की नाही, हे ठरवण्याआधी संस्थेच्या मॅडम घर बघायला येणार होत्या.

माझा थोरला भाऊ, दादा, अंगणात आला. "ते सुके बांगडे उचल रे. वास मारता. मॅडम काय म्हणतली?"

"रवांदेत. जाईक, आमच्या चेडवाक, ह्याच घरात रवाचा आसा."

मग तो खऱ्या मुद्द्यावर आला. "चेडवाक आण, माजी ना नाय. पण गाऱ्हाण्यात तेचा नाव नको. ता आपल्या रगताचा न्हय."

गाऱ्हाण्यात आम्ही घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन देवाकडे सांभाळ मागतो. ते दादाच घालतो. त्याच्यापुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं.

"वयनी तरी खंय आपल्या रगताची? तिचा नाव तू लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घेतलंस!"

ओटीवर वहिनी फिसकन हसली. 

मॅडम आल्या. त्यांनी घर पाहिलं आणि विचारलं, "नातेवाईक मुलीला आपली मानतील ना?" दादा जमिनीकडे बघत राहिला.

मी उठलो, देवापुढे नारळ ठेवला. "बा देवा महाराजा, माजा चेडू जाई घराक येता हा, तेका सांभाळ."

"व्हय महाराजा!" बायको आणि वहिनी एकदमच म्हणाल्या.

इतकी वर्षं देवाला भजतोय. त्याने कुणाचं रक्त विचारल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं?

संस्थेचा निर्णय यायचा आहे. माझा मात्र देवाला सांगून झाला.