नाल्याच्या अलीकडे

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि जीप चालवणारीही पहिलीच. हे मी अभिमानानंच सांगते. महागावच्या पुढं शेतांमधल्या पांदणीनं, दगडधोंड्यांतून गाडी काढायची मला भारी हौस. पोरगी सात महिन्यांची झाली तसं तिलाही सोबत घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "लेकराले कायले नेता वं? हाडं खिळखिळे होतीन तिचे." तरी आम्ही निघालो.

वाटेत नाला आडवा आला. पाणी गढूळ, तळ दिसेना. मी म्हटलं, "निघते ना गाडी." मागं पोरीला मांडीवर घेऊन बसलेला नवरा म्हणाला, "तू तं काढशीनच. पण आम्ही दोघं नाही येत." आणि तो तिला घेऊन खाली उतरला.

असे कितीतरी नाले मी काढले होते. पण आता पोरगी काठावरून, बापाच्या खांद्यावरून माझ्याकडं टक लावून बघत होती. पाणी खोल निघालं तर मी तिच्या डोळ्यांदेखत वाहून जाईन, हे मनात आलं आणि क्लचवरचा पाय उचलेना.

मी गाडी मागं घेतली. ती दोघं परत गाडीत बसली आणि आम्ही घराकडं वळलो. वाटभर पोरगी प्रत्येक धक्क्याला हुंकार देत होती.