दोन्ही खरं धरायचं

मधूच्या मरणाची बातमी आली तेव्हा मी भाकरी उलटत होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. तो सातच्या एसटीनं पुसदहून यवतमाळला निघाला होता, क्लासच्या पोरांसाठी सरावाचे पेपर छापून आणायला. फोनवरचा माणूस म्हणाला, "आजी, मी बसचा कंडक्टर बोलून राह्यलो. तुमचा नंबर बाबांच्या वहीवर भेटला. ते सीटवर बसल्या बसल्याच गेले." मी म्हटलं, "खोटं हाये. सकाळी दोन भाकरी अन् वांग्याची भाजी खाऊन गेला तो." तो बिचारा म्हणाला, "खाल्ली असंन आजी. पण गेले..." फोन ठेवून बघते तर तव्यावरची भाकरी जळालेली. आणि तेव्हा लक्षात आलं की खरं सांगितलेलं खोटं म्हणायच्या ज्या चुकीसाठी मधू क्लासातल्या पोरांवर रोज ओरडायचा, तीच मी केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यानं भाकरी खाल्ली होती, आणि तो गेला होता.

मधू माझा धाकटा भाऊ, दहा वर्षांनी लहान. मी चौथी शिकले. पुढं शिकले नाही, कारण हा जन्मला आणि माय मजुरीला जायची, त्याला सांभाळायला कोणीतरी पाहिजे होतं. या गोष्टीचं त्याला जन्मभर वाईट वाटलं. मला नाही वाटलं. शाळेत मला मार बसायचा आणि मधूला कडेवर घेऊन बोरं पाडता यायची. तो शिकला, गणिताचा मास्तर झाला, लग्न केलं नाही. का, ते विचारून मी थकले. माझे मालक गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. माणूस हट्टी होता. चहाचा कप स्वतःचा स्वतः कधी धुतला नाही, गळा नसताना गाणी म्हणायचा, आणि गूळ कुठं ठेवला तरी शोधून काढायचा. मेल्यावर माणसाला देव करायची आपल्याकडे सवय आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

रिटायर झाल्यावर त्यानं घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. कॉलेज संपवलेली पोरं मोठ्या कॉलेजात एमबीएला जाण्यासाठी परीक्षा देतात, तिचा क्लास. खोली म्हणजे आधीची ओसरी, भिंत घालून बंद केलेली. त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराची खिडकी सरळ क्लासात उघडायची. मी फोडणी दिली की अकरा पोरं खोकायची. आणि मधूचा प्रश्न अडला की तो लाकडी डस्टर खिडकीच्या चौकटीवर दोनदा वाजवायचा. "आक्का, ऐक."

त्या परीक्षेत एक प्रकार असतो, त्याला पॅराडॉक्स म्हणतात. दोन गोष्टी सांगतात. दोन्ही खऱ्या, पण एकमेकींशी पटत नाहीत. मग खाली पाच पर्याय देतात, त्यातला असा एक शोधायचा की तो आला म्हणजे दोघी एका घरात नांदतील. मधू सांगायचा, "एकीलाही खोटं पाडायचं नाही. दोन्ही खरं धरायचं अन् तिसरी गोष्ट शोधायची." पोरांना ते इंग्रजीतून कळेना. म्हणून तो आपल्या बोलीत सांगायचा आणि आधी मला विचारायचा. चौथी पास बाईला येतं म्हटल्यावर पोरांची भीती जायची, असा त्याचा डाव होता. मला वाटायचं, हा माझी करमणूक करतो की माझ्यावर पोरांची?

एकदा प्रश्न होता : गावात घरोघरी नळ आले, तरी बायका विहिरीवर पहिल्याइतकाच वेळ घालवतात. काहून? मी कणीक मळता मळता म्हटलं, "नळ घरात आला म्हणून काय झालं? घरात सासूही हाये ना! तिच्यासमोर तिच्याच चुगल्या कशा कराव्या?" क्लास असा हसला की शेजारीण बघायला आली. मधू म्हणाला, "आक्का, पर्यायात सासू नाही." छापील उत्तर होतं, नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं. मी म्हटलं, "पर्याय लिहिणारा कधी विहिरीवर गेला नाही." यावरून आमचं तीन दिवस वाजलं. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "तुझं उत्तर जगात बरोबर हाये, पेपरात चूक." मी म्हटलं, "मग तू पेपरात राहा, मी जगात राह्यते." त्या दिवसापासून कुणी पोरगा मनचं उत्तर सांगायला लागला की बाकीचे ओरडायचे, "सासू पर्यायात नाही!"

पण खरी अडचण वेगळी होती. आमची निम्मी पोरं कापसाच्या घरची. प्रश्नात शेती आली की ती उत्तर शोधायचं सोडून प्रश्नाशीच भांडायची. ढाणकीची शीतल तर त्यात पहिली. हुशार पोरगी, गणितात कोणाला ऐकायची नाही. पण मागच्या वर्षी याच प्रकारात तिचे गुण गेले आणि नंबर थोडक्यात हुकला. बापानं सांगितलं होतं, एवढं एक वर्ष. यंदा नाही लागला तर मामाच्या कृषी केंद्रात फवारणीची औषधं विकायला बसायचं. मधूनं एकदा प्रश्न घातला : एका गावात फवारणी कमी केली, त्या वर्षी कपाशीवर अळीही कमी पडली. शीतल उठून उभीच राहिली. "सर, हे खोटं हाये. आमच्या वावरात असं होत नाही." मधू म्हणाला, "बाई, तुह्या वावराचा पेपर नाही हा!" "पण सर, अळी काय मूर्ख हाये?" दोघं एकमेकांना ऐकेनात. शेवटी डस्टर वाजलं. मी म्हटलं, "फवारणीनं मांजरही मरत असंन, मंग उंदीर वाढतीनच ना." मधू असा खूश झाला की त्यानं खडू कानावर खोचला आणि पोरांना सांगितलं, अळ्या खाणारे किडे फवारणीत मरतात, हेच उत्तर आहे. शीतल मात्र खाली बसताना पुटपुटली, "तरी खोटं हाये."

मधूच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, सगळी पोरं आली. बुद्धवंदना झाली, दोघं-तिघं गंभीर बोलले. मग एका पोरानं सासूचा किस्सा सांगितला आणि बसलेली माणसं हसायला लागली. मीही हसले. चुलत नणंद माझ्या कानाला लागली, "भाऊ गेला अन् तुम्ही हसून राह्यल्या?" मागून शीतल म्हणाली, "दोन्ही खरं धरा, काकू." नणंदेला काही कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी पोरं आपापली पुस्तकं न्यायला आली. परीक्षेला महिना राहिला होता. एकजण चाचरत म्हणाला, "आत्या, आता क्लास बंदच ना?" मधू मला आक्का म्हणायचा म्हणून पोरांनी मला आत्या करून टाकलं होतं. मी म्हटलं, "सर गेले. परीक्षा गेली काय? बसा खाली." मग त्यांनीच वाटून घेतलं. ज्याला जे येतं ते त्यानं फळ्यावर शिकवायचं. पॅराडॉक्स माझ्याकडे, खिडकीतून. मला इंग्रजी येत नाही, म्हणून पोरांनी प्रश्न वाचून मला आपल्या भाषेत सांगायचा. मी एकच नियम घातला. "खोटं हाये" असं जो म्हणेल त्यानं आत यायचं आणि माझे कांदे कापायचे.

शीतलनं सलग नऊ दिवस कांदे कापले. पहिल्या दिवशी तर पाच किलो होते, कारण मला तिची खात्री होती. ती विळीवर बसून भांडायची, "आत्या, खत कमी टाकल्यावर पीक वाढते काय कधी?" मी म्हणायचे, "वाढलं म्हणते ना तो? वाढलं. आता सांग, काहून वाढलं." ती म्हणायची, "तुम्ही तर सरांपेक्षाही खवट." कापून झालं की जाताना भाकरी खाऊन जायची. एकदा काही चूक नसतानाही दोघं पोरं आत आली आणि कांदे मागायला लागली. भाकरीचा वास खिडकीतून जायचा, त्याला मी काय करणार! दहाव्या दिवशी शीतल गप्प बसली. तोंड दाबून बसली होती, कान लाल झालेले, पण गप्प. त्या दिवशी कांदे मला कापावे लागले. इतका आनंद मला कांदे कापताना कधी झाला नव्हता.

परीक्षा यवतमाळला झाली. संध्याकाळी मी पीठ मळत होते, तर चौकटीवर डस्टर दोनदा वाजलं. क्षणभर हात थांबला, खोटं कशाला बोलू... खिडकीत शीतल उभी होती, बसच्या धुळीनं माखलेली.

"आत्या, वावराचाच आला."

"मग?"

"पाणी कमी देल्लं अन् ऊस वाढला म्हणे. ऊस, आत्या! पाण्याशिवाय ऊस!"

"भांडली काय व?"

"नाही." तिनं मोठा श्वास घेतला. "दोन्ही खरं धरलं. मुळं सडून राह्यली होती पाण्यानं, तो पर्याय होता. तोच भरला." मग म्हणाली, "लै भूक लागली."

निकाल यायचा आहे. येईल तेव्हा येईल. शीतल अन् बाकीची पोरं अजून येतात, पुढच्या वर्षाची दोन नवीनही आली आहेत. काल मी नव्या पोरांना खिडकीतून पहिला प्रश्न घातला. घरात खाणारं एक माणूस कमी झालं, तरी पीठ तेवढंच लागते, उलट जास्तच. काहून? नवी पोरं विचार करत बसली. शीतल माझ्याजवळ चुलीपाशी बसून मधूच्या ताटात जेवत होती. तोंड भाकरीनं भरलेलं होतं, म्हणून तिनं नुसता हात वर केला.