टाकी एकदम बढिया हाय

माझं माहेर दारव्ह्याकडचं आणि सासर केळापूर तालुक्यातलं. लग्नात सासरकडच्या बायका पाहिल्या, तर सगळ्या एकजात पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला वाटलं, काय मर्यादशील माणसं आहेत! आमच्याकडच्या बायका मांडवात बत्तीशी दाखवून खिदळतात. आईने तर येता-जाता मला त्यांचं उदाहरण दिलं. पुढे नांदायला आले आणि एके सकाळी धुणं धुताना मोठ्या जावेचा पदर घसरला, तेव्हा त्या मर्यादेचं कारण कळलं. तिचे दात पिवळे होते आणि त्यांवर तपकिरी पट्टे होते.

गावाच्या पाण्यात फ्लोराइड. लहानपणी ते पाणी पोटात गेलं, की दुधाचे दात पडून जे पक्के दात येतात ते असेच येतात, आणि कितीही घासले तरी डाग जात नाहीत. उतारवयात तेच पाणी गुडघे धरतं. हापशावर सरकारने लाल रंग मारून ठेवला होता. लाल रंग म्हणजे हे पाणी पिऊ नका. मग कोणतं प्यायचं, ते सांगणारा रंग मात्र मारायचा राहून गेला होता. त्यामुळे गाव लाल हापशाचंच पाणी पीत होतं, फक्त आता ते पाणी वाईट आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला म्हणे जनजागृती म्हणतात.

मला दिवस गेले तेव्हा बाकीच्यांना मुलगा की मुलगी याची पडली होती. मला पडली होती दातांची.

मुलगी झाली आणि त्याच सुमारास गावात गोरे पाहुणे आले. त्यांच्या देशातल्या लोकांनी आमच्या पाण्यासाठी पैसे गोळा केले होते. हापशाशेजारी त्यांनी एक निळी टाकी बसवली. आत पांढरे दाणे भरलेले. पाणी दाण्यांतून जायचं आणि दाणे फ्लोराइड धरून ठेवायचे. दाण्यांना मधूनमधून औषधाने धुवायला लागे, आणि थकले की बदलायला लागे. ते करायला यवतमाळहून प्रोजेक्टची जीप यायची. टाकीपेक्षा मोठा एक बोर्ड लागला, त्यावर दोन देशांचे झेंडे आणि हसणारी मुलं. ती मुलं आमच्या गावची नव्हती, हे दात पाहूनच कळत होतं.

उद्घाटनाला शाळेच्या पोरांनी भर उन्हात लेझीम केलं. टाकीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सासूबाईंनी पाहुण्यांतल्या मुख्य गोऱ्या बाईंना ओवाळलं आणि ताटलीत स्टीलचा पेला ठेवून टाकीचं पाणी दिलं. बाईंनी दोन्ही हातांनी पेला धरला, फोटो निघाला, बाई गोड हसल्या आणि पेला खाली ठेवून स्वतःच्या पिशवीतल्या बाटलीचं पाणी प्यायल्या. दर भेटीत हेच. पण थट्टा बाजूला ठेवून सांगते, टाकीने काम केलं. अगदी चोख केलं. माझी पोरगी त्याच पाण्यावर वाढली. तिचे पुढचे दोन पक्के दात हिरडीतून वर आले, त्या दिवशी मी तिला दारात उजेडाकडे तोंड करून उभं केलं होतं. खोबऱ्याच्या तुकड्यासारखे पांढरेशुभ्र दात! मी रडले, आणि त्या न पाहिलेल्या देशातल्या न पाहिलेल्या माणसांना मनापासून आशीर्वाद दिला. तो आजही मागे घेत नाही.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे आलेल्या अहेरात खोट काढत नाहीत. लग्नात मामाने आणलेलं लुगडं विरलेलं निघालं, तरी घेणारी म्हणते, ‘झकास हाय’, आणि विरलेला भाग निऱ्यांत दडवून वर्षभर मिरवते. माझ्या सासूबाईंनी असं एक लुगडं भावाच्या मानासाठी फाटेस्तोवर नेसलं. पाहुण्याने विचारावं, ‘भाजी कशी झाली?’ असा उलटा प्रकार गोऱ्या पाहुण्यांचा होता. ते दर वर्षी अहेर देऊन पुन्हा विचारायला यायचे, कसा वाटला, काही कमी आहे का, मोकळेपणाने बोला. आणि गाव मोकळेपणाने म्हणायचं, ‘बढिया हाय!’ जीप महिनोन्‌महिने फिरकली नाही तरी बढिया. तोटी गळत होती तरी बढिया. गळती तोटी पाहुण्यांना दिसू नये म्हणून सरपंचांनी तिला फुलांची माळ घातली होती.

मग त्यांच्या भाषणांत एक नवं वाक्य यायला लागलं, ‘ही टाकी तुमची आहे.’ हे वाक्य वारंवार ऐकू आलं की समजावं, देणाऱ्याची जायची वेळ झाली. पाणी समिती बनली. समितीला यवतमाळच्या हॉटेलात नेऊन आपलेपणाचं प्रशिक्षण दिलं, पनीरची भाजी खाऊ घातली. दाणे कुठे मिळतात ते शिकवायचं राहिलं, कारण दुपारनंतर नेतृत्वगुणांचा खेळ होता. जीपवाला मेकॅनिक मला हळूच म्हणाला, ‘वहिनी, तिकडे आता पान्याचा विषय संपला. आता हवामानाचा चालू झाला.’ म्हणजे आमची तहान तिकडे जुनी झाली होती.

शेवटची सभा शाळेच्या ओट्यावर झाली. तेव्हा मला पुन्हा दिवस गेलेले होते. गोऱ्या बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, ‘आम्ही गेल्यावर टाकी चालेल का? अडचण असेल तर आत्ताच सांगा, आम्ही अजून थांबू शकतो.’

पुढे बसलेले म्हातारे म्हणाले, ‘चालन ना! कायले नाही चालन?’

मी उठले. म्हटलं, ‘दाणे थकले की नवे कुठून आणायचे, हे गावात कोणाला माहीत नाही. धुवायचं औषध कोणी पाहिलंही नाही. तुम्ही गेलात की टाकी नुसती उभी राहील.’ दुभाष्याने शब्दन्‌शब्द सांगितला, त्याला दोष नाही. बाईंचा पेन थांबला. त्या खरंच काळजीत पडल्या. दोन मिनिटं मिळाली असती तर काहीतरी झालं असतं.

पण सासूबाईंनी माझा हात धरून मला खाली ओढलं. ‘बस वं खाली!’ मग स्वतः उठल्या आणि हात जोडून म्हणाल्या, ‘मॅडम, टाकी एकदम बढिया हाय. आमची सून नवी हाय, तिले काई समजत नाही.’ लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पोरगी शाळेत जात होती, पण त्या दिवशी मी पुन्हा नवी नवरी झाले. बाईंनी खात्री करायला सगळ्यांना हात वर करायला सांगितलं. सगळं गाव हात वर करून बसलं. त्यांच्याकडे बहुमताला फार मान. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी सासूबाईंना मिठी मारली आणि गाव स्वावलंबी झालं.

घरी आल्यावर मी सासूबाईंशी भांडले. ‘आई, तुम्ही खोटं काहून बोलल्या?’

‘मंग काय पाव्हन्याच्या तोंडावर त्याच्या अहेरात खोट काढू? एवढ्या दुरून आल्ते बिचारे. आपल्या तोंडून रडगानं ऐकून गेले असते, तर काय वाटलं असतं त्याईले?’

त्याईले काहीच वाटलं नाही, कारण ते समाधानाने विमानात बसले होते.

मुलगा झाला. दाणे थकले. पण टाकीच्या पाण्याची गंमत अशी, की दाणे मेले तरी पाणी तसंच दिसतं, तसंच लागतं. मी पंचायतीत गेले, तर म्हणाले टाकी परदेशवाल्यांची आहे, आपल्याला हात लावता येत नाही. प्रोजेक्टच्या ऑफिसात फोन लावला, तर म्हणाले टाकी समुदायाकडे सुपूर्द केली आहे, समुदायाला विचारा. मी समुदायाला शोधत गावभर हिंडले. समुदाय पारावर पत्ते खेळत होता. शेवटी समितीच्या एका हौशी सदस्याने पुढाकार घेतला. देवळाची फरशी करताना संगमरवराची बारीक खडी उरली होती. पांढरी, स्वच्छ, दिसायला हुबेहूब दाण्यांसारखी. ती धुऊन टाकीत भरली. पाणी अगदी नितळ आलं. सगळ्यांना आनंद झाला, नारळही फुटला. त्याचं मन चांगलं होतं, खडी तेवढी खडी होती.

नाल्याकडच्या शेतातल्या विहिरीचं पाणी बरं म्हणतात. मुलासाठी मी तिकडून हंडा आणायची. पण कापूस वेचायच्या दिवसांत अंगात त्राण उरत नाही, पावसाळ्यात त्या वाटेला गुडघाभर चिखल. आणि लेकरू काय फक्त आईच्या हंड्यातलं पितं? अंगणवाडीत पितं, शेजारी पितं, खेळून आलं की समोर दिसेल ते पितं. आता घरोघरी नळ आले आहेत. अंगणात छान उभे आहेत. त्यांत पाणी येणार आहे.

यंदा एक शहरातली मुलगी हातात टॅब घेऊन आली. त्याच गोऱ्या लोकांनी तिला पाठवलं होतं. त्यांच्या मदतीचं टिकाऊ भलं किती झालं, याचा अभ्यास करायला. म्हणजे पाणी परवडत नव्हतं, पाण्याचा अभ्यास परवडत होता. सगळ्या गावाने तिला बढिया म्हणून सांगितलं आणि ती आमच्या घरी आली. मी दोन्ही मुलांना हाक मारली आणि म्हटलं, ‘हे पाहा.’

पोरीचे दात पांढरेशुभ्र. पोराचे नुकतेच आलेले पुढचे दात पिवळे, मधून तपकिरी पट्टा. त्या टॅबवाल्या मुलीचे डोळे चमकले. ‘एकाच घरातले, एकच जेवण, फक्त एक प्रोजेक्ट असताना आणि एक नंतर! इतकी स्पष्ट तुलना अजून कुठेच मिळाली नव्हती.’ तिला दोघांचा शेजारी शेजारी फोटो हवा होता. पोरगी हसली. पोराने ओठ घट्ट मिटले. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, ‘आई, मले काहून नाही आनलं वं आधी? ताईच्या वक्ताले?’

मी त्याला टॅबसमोरून बाजूला घेतलं.

त्या मुलीलाही अवघडल्यासारखं झालं. तिने टॅब खाली केला आणि विषय बदलायला कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंना विचारलं, ‘आजी, तुम्ही काय सांगाल? एकंदरीत समाधान आहे ना?’

सासूबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली. नातवाकडे पाहिलं. मी वाटच पाहत होते, आता येणार बढिया.

‘त्या गोऱ्या बाईले फोन लाव,’ त्या म्हणाल्या. ‘म्हन, म्हातारी खोटं बोल्ली होती.’

‘आजी, त्या मॅडम आता तिथे नाहीत. त्या विभागात दुसरं कोणीतरी आलंय.’

‘मंग जो कोनी असन त्याले सांग.’