एकशे तेहतीसचा हव्यास

तिसऱ्यांदा स्क्रीन निळी झाली. मी चिडून कॅसेट मागं घेतली आणि प्लेअरनं टेप खाल्ली.

"दमानं घ्या, दादा," आबा म्हणाले.

मोबाईल नुकते दिसायला लागले होते तेव्हाची गोष्ट. शिरूरला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. कॅसेटची सीडीही करून द्यायचो. आबा कोरेगाव भीमाकडचे शेतकरी. बायको जाऊन वर्ष झालेलं. पुतणीच्या लग्नात तिनं घेतलेला उखाणा कुणीतरी टेप केला होता.

"उभ्या जन्मात तिनं माझं नाव घेतलं ते तेवढंच," आबांनी सांगितलं होतं. "येरवी आपलं, आवं ऐकलं का."

कॅसेट झिजलेली. आणखी झिजेल म्हणून आबा ती घरी लावतही नसत. आणि माझं मशीन नेमकं उखाण्याच्या तोंडाशी हँग व्हायचं. केलेलं रेकॉर्डिंग पाण्यात. पहिल्यांदा विंडोज नव्यानं टाकलं. दुसऱ्यांदा लाइटवर संशय घेऊन यूपीएस बदलला, कॅबिनेट उघडून टेबलफॅन सोडला. तरी हे तिसरं.

पेन्सिल घालून टेप गुंडाळली. बोटभर तुकडा चुरगळला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मशीन सुरू होताना येणारी अक्षरं एकदाची नीट वाचली. प्रोसेसर आणि मेमरीची देवघेव ज्या वाटेनं चालते तिला बस म्हणतात. माझी मेमरी शंभरच्या वेगाची, आणि बस लावलेली एकशे तेहतीसवर. लावली कुणी? मीच. फुकटचा स्पीड मिळतो म्हणून, गिऱ्हाइकांत मिरवायला.

"म्हंजी खोंडासंगं म्हातारा बैल जुपला की."

"व्हय आबा."

सेटिंग शंभरवर आणलं. आधी तासभर रेडिओ रेकॉर्ड केला. मशीन हललं नाही. मग आबांची कॅसेट लावली. सनई, गलका, बायकांचा आग्रह. मग ती लाजून हसली.

"घोडनदीच्या काठावर पिकली ज्वारी..."

पुढं नुसती खरखर. नाव गेलं होतं. मागाहून अलगद आलं, "...नाव घेते, ऐका सारी."

माझी मान वर होईना.

"नाव मला ठावं हाय," आबा म्हणाले. "ती हसली तेवढं परत लावा."

पाच वेळा लावलं.

ते मशीन पुढं कितीतरी वर्षं शंभरवर चाललं, एकदाही अडलं नाही. आबांच्या नावाची रुखरुख मात्र आजही आहे. नवं सेटिंग आपल्या कॅसेटवर तपासावं, दुसऱ्याच्या एकुलत्या एका कॅसेटवर नव्हे.