हळदीच्या गाण्यामागे जुबैलपर्यंत

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. ती हातात आल्यावर मी रत्नागिरीकडच्या आमच्या हळदीच्या गाण्यांवर लिहायला घेतलं. त्यातलं सगळ्यांचं लाडकं, जाळं ओढायचं गाणं सौदीत जुबैलला नोकरीला असलेल्या सलीममामूंना फोनवर ऐकवलं, तर ते हसायलाच लागले. "अगो, हे आपलं कुठलं? हे क्लाइवचं." पुढचं फोनवर सांगेनात. बहिणीचं लग्न महिन्यावर आलेलं, तरी मी व्हिसा काढला.

मुंबईहून दम्मामला विमानाने जायचं. तिथून जुबैल टॅक्सीने तासाभरावर. एकटीने जायला काही अडचण आली नाही, फक्त भाडं आधी ठरवा. रस्ता सरळसोट, बाजूला वाळू, मग एकदम कारखान्यांच्या चिमण्या.

मामूंनी कुंजूभाईंच्या केरळी हॉटेलात नेलं. मासळीची आमटी अशी, की मी भात दोनदा मागितला. तिथेच त्यांनी सांगितलं.

"आखाती युद्धात सायरन वाजला की खिडक्यांना टेप लावून मी, कुंजूभाई आणि क्लाइव एका खोलीत बसायचो. क्लाइव आमच्या कंपनीत वेल्डर, जमैकाचा. तिकडे रेगे बँडमध्ये गिटार वाजवायचा. बाप मच्छीमार. बापाचं जाळं ओढायचं गाणं तो रेगेच्या ठेक्यात म्हणायचा. मी त्यावर आपले शब्द बसवले."

"और मैंने मलयालम," गल्ल्यावरून कुंजूभाई म्हणाले. "हमारे गाँव में आज भी नाववाले गाते हैं. सलीम से अच्छा."

तेव्हा पत्राऐवजी कॅसेट भरून घरी पाठवायची रीत होती. मामूंची कॅसेट मोहल्ल्यात फिरली आणि बायकांनी गाणं उचललं.

"मग सांगितलंत का नाही?"

"परक्याचं म्हटल्यावर बायकांनी टाकूनच दिलं असतं. क्लाइव युद्धानंतर गेला, पुढे पत्ता नाही. गाणं तरी राहू दे."

"आणि त्याचं नाव?"

"तू शिकलेली. तूच सांग बायकांना. जेवायला वाढलं नाही तर मला फोन कर."

दुसऱ्या दिवशी हुफूफला गेलो. खजूर तिथूनच घ्या, चाखून देतात. येताना गाडीत मामूंनी क्लाइवचे मूळ शब्द आठवतील तेवढे म्हटले. मला एकच काळजी होती: खरं सांगितलं आणि गाणंच बंद पडलं तर?

बहिणीच्या हळदीच्या दिवशी, गाणं सुरू व्हायच्या आधी, मी सांगून टाकलं.  गाणी सांगणाऱ्या फातिमाखालाने विचारलं, "दर्यावरचा होता?"

"हो. मच्छीमाराचा मुलगा."

"मग परका कसा गो?" म्हणत तिने सूर धरला.

आमच्याकडे गाण्यात नवरीच्या नातलगांची नावं ओवतात. अब्बा झाले, चाचा झाले, सलीममामू झाले. खाला थांबली. "काय नाव म्हणालीस त्याचं?"

पुढची ओळ क्लाइवमामूंची झाली.

खजूर तर आठवड्यात संपले. काल खालच्या मोहल्ल्यात हळद होती. मी गेले नव्हते. अम्मी सांगत होती, तिथल्या नवरीलाही एक क्लाइवमामू आहेत.